चिपळूण पूर मदत : ठाणे केंद्राच्या नोंदी, जुलै ते सप्टेंबर २०२१

२३ जुलै, शुक्रवार

काल पहाटेपासून चिपळूण पाण्याखाली. वाशिष्ठी आणि शिव, दोन्ही नद्या शहरात घुसल्या, त्यात भरतीची वेळ. कोकण रेल्वे वाशिष्ठीच्या पुलापाशी थांबलेली, महामार्गही बंद. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथूनच उगम पावते, म्हणजे महाडचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. महाडजवळच्या तळियेची बातमी संध्याकाळी आली. अख्खी वाडी दरडीखाली.

इकडेही धड नाही. सोमवारी कळव्याच्या घोळाईनगरात दरड कोसळून एकाच घरातले पाच जण गेले. बदलापूर, टिटवाळ्यात पाणी भरलंय. म्हणून रात्रीच्या फोनवरच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच निघाला, की आधी जिल्ह्यातलं बघायचं की गावाकडचं? ठरलं ते असं : कळवा-बदलापूरसाठी इथे माणसं भरपूर आहेत, आपल्या मंडळाची ओळख चिपळूण-गुहागर-खेडची, तर आपण तिकडचं बघू. महाडला जाणारे बरेच आहेत, तिथे आपण नको.

दुसरं ठरलं : चिपळुणातून कोणीतरी 'हे पाठवा' म्हणेपर्यंत आवाहन करायचं नाही. वागळे इस्टेटमध्ये माल रवाना करण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. मागणीशिवाय निघालेली गाडी कुठे जाऊन उभी राहते ते मला ठाऊक आहे.

यावर थोडी कुरबुर झाली. 'लोक पाण्यात आहेत आणि आपण मागणीची वाट बघायची?' कळव्याच्या काकांचा मुद्दा चूक नव्हता. पण आज रात्री रस्ताच नाही, तेव्हा वाट बघण्यात जातंय काय?

२४ जुलै, शनिवार

आवाहन आम्ही केलं नाही, कोणीतरी परस्पर केलं. 'जुने कपडे, चादरी, खाऊ नौपाड्यातल्या कार्यालयात आणून द्यावा' असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. दुपारपर्यंत कार्यालयाच्या जिन्यात गाठोडी. लोकांची भावना चांगली, पण एका पिशवीत शेरवानी निघाली.

दुपारी चिपळुणातल्या मुरादपूरच्या मास्तरांचा फोन लागला. गाडीच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करून बोलत होते, त्यामुळे घाईत. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले :

'अगो, कपडे नकोत. तांदूळ पण नको इतक्यात, शिजवणार कशावर? सिलिंडर वाहून गेलेत, शेगड्या गाळात आहेत. पाणी दे, हातात घेऊन खाता येईल असं दे, मेणबत्त्या, काडेपेट्या, टॉर्च. बायकांचं सामान दे, ते कोणी मागणार नाही तोंडाने. आणि चपला. सगळ्यांच्या चपला गेल्या, गाळात काचा आहेत.'

चपलांचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात नव्हता.

यादी पक्की : पाण्याच्या बाटल्या, टोस्ट, बिस्किटं, चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या, दुधाची पावडर, मेणबत्त्या, काडेपेट्या (प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून), टॉर्च सेलसकट, सॅनिटरी पॅड, नवी अंतर्वस्त्रं, स्लिपर तीन मापांत, डासांची अगरबत्ती. यादीत नाही ते गाडीत नाही.

२५ जुलै, रविवार

कोरोनाच्या निर्बंधांमुळे शनिवार-रविवार फक्त अत्यावश्यक दुकानं उघडी. किराणा जांभळी नाक्यावर मिळाला. स्लिपरचा घाऊक दुकानदार ओळखीचा निघाला, त्याने मागच्या दाराने माल दिला आणि बिल सोमवारच्या तारखेने करतो म्हणाला. नको म्हटलं. आजचीच तारीख, नाहीतर पुढे हिशेबात उगाच प्रश्न.

भरण्याची पद्धत लिहून ठेवते, पुढच्या गाडीला दुसरं कोणी असलं तर उपयोगी पडेल. बिस्किटांचे खोके वेगळे, मेणबत्त्या वेगळ्या असं भरायचं नाही. तिथे वीज नाही, पाऊस चालू आहे, रस्त्यावर उभं राहून कोणी वाटण्या करत बसणार नाही. एक गोणी म्हणजे एक घर : सगळं थोडं थोडं, तोंड सुतळीने बांधलेलं, बाहेरून मार्करने वाडीचं नाव. स्लिपर तेवढ्या सुट्ट्या, कारण माप बघूनच द्याव्या लागतात. जी वाडी शेवटी लागणार तिच्या गोण्या सगळ्यात आत, पहिलीच्या दाराशी. पाणी खाली, टोस्ट वर. हे रोज करणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण आज हौशी पोरांनी पाण्याचे बॉक्स टोस्टवर चढवले होते, सगळं उतरवून परत भरलं.

मालाचं चलन तीन प्रतींत : एक आपल्याकडे, एक चालकाकडे, एक मास्तरांच्या सहीने परत.

मोठा आयशर ट्रक मिळत होता, तोही फुकट. घेतला नाही. वाशिष्ठीचा पूल खचलाय, जड गाडीचं काय होईल सांगता येत नाही असं चालकच म्हणतायत, आणि बाजारपेठेतल्या गल्ल्यांत आयशर वळत नाही. दोन छोटे टेम्पो.

२६ जुलै, सोमवार

आज सव्वीस जुलै. २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, त्या दिवशी आम्ही सगळे इकडेच अडकलो होतो. चिपळुणातही तेव्हा पाणी होतं, पण मास्तर म्हणतात या वेळचं त्याहून वर चढलं.

गाड्या पहाटे विटावा, ऐरोली, पळस्पे फाटा करून निघाल्या. संध्याकाळी पोचल्याचा फोन.

चालकाला एकच गोष्ट बजावली होती : महामार्गाला लागून कोणी हात दाखवला तरी थांबायचं नाही. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण सगळ्या गाड्या रस्त्यालगतच रिकाम्या होतात. त्याच चार घरांत तीनदा सामान जातं आणि पेठमापच्या आत, गोवळकोटच्या टोकाला काहीच पोचत नाही. सामान वाडीतल्याच माणसाच्या हाती द्यायचं, घरं त्याला माहीत असतात. कोण खरं एकटं आहे, कोणाचा मुलगा आखातातून पैसे पाठवतो, हे ठाण्यात बसून कळत नाही.

चालकाने ऐकलं. परतल्यावर मात्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

२८ जुलै, बुधवार

पाणी उतरलं, मागणी बदलली. मास्तरांची नवी यादी : फावडी, घमेली, खराटे, गमबूट, रबरी हातमोजे, ब्लिचिंग पावडर, फिनेल, पाण्याचा फवारा मारायचं मशीन, डिझेल पंप. बिस्किटं पुरे. पाण्याच्या बाटल्याही आता बास, टँकर यायला लागलेत.

हार्डवेअरची दुकानं दुपारी चारला बंद होतात आणि आमच्यातले अर्धे नोकरीवर. शेवटी माझ्या कंपनीच्या स्टोअरवाल्याने त्याच्या ठरलेल्या व्यापाऱ्याला फोन केला आणि माल थेट कोपरीतल्या गोदामात आला. फावड्यांना दांडे नसतात हे लक्षात ठेवा, दांडे वेगळे घ्यावे लागतात. चिपळुणात हार्डवेअरवाल्यांचीच दुकानं बुडालीत, तिथे दांडा शोधायला कोण जाणार?

ठाणे महापालिकेची पथकं तिकडे कामाला लागली आहेत. सरकारी यंत्रणेकडे डंपर आणि जेसीबी आहेत, आपल्याकडे हात आहेत. दोघांची वेळ जुळली नाही तर काय होतं ते मास्तरांनी आज सांगितलं. सकाळी जेसीबीने एक आळी साफ केली, दुपारी त्याच आळीतल्या दुकानदारांनी आतला गाळ बाहेर काढून रस्त्यावर टाकला. संध्याकाळी रस्ता परत बंद. आता एक आळी एका दिवशी असं ठरवलंय. आदल्या रात्री सगळ्यांना सांगायचं, आत-बाहेर एकदमच काढायचं, सुरुवात चढाच्या बाजूने. आमची पोरं आळीनुसारच पाठवायची. गाळ ओला आहे तोवर फवाऱ्याने निघतो, ऊन पडून सुकला की पहारीने फोडावा लागतो.

साफसफाईआधी फोटो. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेशेजारी घरातला माणूस उभा करून एक फोटो, आतल्या सामानाचे वेगळे. पंचनाम्याच्या आधी सगळं धुऊन स्वच्छ केलं तर नुकसान दाखवायचं कशावरून? दोन-तीन घरांत हे आधीच होऊन गेलंय. तिथे शेजाऱ्यांचे फोटो आणि भिंतीवरचा डाग यावर भागवावं लागेल.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) : उंदरांच्या, गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून शिरतो. जाणाऱ्या प्रत्येकाला गमबूट सक्तीचे. त्यावरची डॉक्सीसायक्लिनची गोळी आमच्या डॉक्टर सभासदांच्या सल्ल्यानेच, त्यांनी नाव लिहून दिलेल्यालाच. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती गोळी देत नाहीत, म्हणून डबेच्या डबे वाटायला पाठवणार नाही. एका दात्याला याचा राग आला. येऊ दे.

३० जुलै, शुक्रवार

कपड्यांचं काय करायचं? जिना अडलाय, सोसायटीने चिठ्ठी लावली.

तोडगा वहिनींनी काढला. मास्तरांकडून पुसायच्या फडक्यांची मागणी होतीच. सुती तेवढं बाजूला काढलं : धोतरं, जुन्या साड्या, बनियन, चादरी. बायकांनी कात्री लावून हातभर तुकडे केले, बटणं आणि चेन काढून टाकल्या, गोण्यांत दाबून भरले. भांडी, भिंती, देव, फोटोंच्या चौकटी पुसायला ही फडकी हातोहात गेली. नव्या, घडी न मोडलेल्या साड्या वेगळ्या ठेवल्या. उरलेलं टेरिकॉट, जीन्स, मुलांचे फ्रॉक भंगारवाल्याला किलोवर दिले, पावती हिशेबाच्या फाइलीत.

शेरवानी अजून कार्यालयात लटकतेय. ज्याची असेल त्याने घेऊन जावी.

१ ऑगस्ट, रविवार

आजची नोंद लांब आहे, कारण खरं काम आता कळलं.

आज मी स्वतः चिपळुणात. मास्तरांच्या ओटीवर टेबल मांडून 'कागदपत्रं' अशी पाटी लावली. मदतीसाठी आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक लागणार. लोकांचे कागद एक तर वाहून गेलेत नाहीतर लगदा झालेत. एका आजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून ओला गठ्ठा आणला, सगळी कागदपत्रं एकमेकांना चिकटलेली. जोर लावून सोडवायला गेलो असतो तर फाटली असती. पंख्याला वीज नव्हती. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून, वर पाट ठेवून, तासा-तासाने कागद बदलत राहिलो. संध्याकाळपर्यंत रेशनकार्डाचं पहिलं पान सुटलं, नंबर वाचता आला. नंबर मिळाला की निम्मं काम झालं.

आधारची गोष्ट त्याहून अवघड. आधार ऑनलाइन काढता येतं, लॅपटॉप मी नेला होता. पण ओटीपी येतो नोंदवलेल्या मोबाइलवर, आणि मोबाइल गाळात. नवं सिम घ्यायला गेलं तर ओळखपत्र मागतात. म्हणजे आधारसाठी सिम आणि सिमसाठी आधार. सकाळपासून तेच. माणूस समोर उभा, नंबर तोंडपाठ, पण पुढे काही सरकत नाही.

उत्तर दिलं पेठमापच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने. त्याचं स्वतःचं दुकान बुडालेलं, तो टेबलापाशी कागदासाठीच आला होता. म्हणाला, 'ताई, फोन मेला म्हणून सिम मरत नाही. फोन चालू करायला जाऊ नका, आतलं सिम काढा.' त्याने एका बाईचा फोन घेतला, पिनेने ट्रे काढला, सिम स्वच्छ पाण्यात बुडवून काढलं, पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने घासल्या, सुकवलं आणि माझ्या फोनमध्ये घातलं. दोन मिनिटांत नेटवर्क आलं. ओटीपी आला. आधार उतरलं. त्या बाईने आधी आधारकडे बघितलंच नाही, माझ्या फोनवरून पुण्याच्या मुलीला फोन लावला.

मग ओटीवर त्याचंच दुकान लागलं.

अडचण एकच : सिम घालायला फोन हवेत. हल्लीचं सिम नॅनो, जुन्या बटणांच्या फोनची खाच मोठी. मध्ये अडॅप्टरची पातळ पट्टी लागते, ती पाच-दहा रुपयांना मिळते.

रात्री ठाण्याच्या ग्रुपवर पहिल्यांदाच मी स्वतःहून आवाहन टाकलं : घरात पडून असलेले चालू स्थितीतले फोन, शक्यतो बटणांचे, चार्जरसह. आपला डेटा पुसून द्या. सोबत नॅनो सिमचे अडॅप्टर मिळतील तितके.

३ ऑगस्ट, मंगळवार

फोन येतायत. प्रत्येक घरातल्या खणात दोन तरी निघतात.

मंत्रिमंडळाने आज पूरग्रस्तांसाठी ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कुटुंबाला १०,००० सानुग्रह, दुकानदारांना ५०,००० पर्यंत, टपरीवाल्यांना १०,०००, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. स्वयंसेवकांना सूचना : शासन निर्णय हातात येईपर्यंत कोणालाही 'तुम्हाला इतके मिळणार' असं सांगायचं नाही. जाहीर झालेला आकडा लोक हातात पडला असं धरून उसने काढतात.

५ ऑगस्ट, गुरुवार

भाडेकरूंचा प्रश्न पुढे आलाय. बाजारपेठेतले निम्मे गाळे भाड्याचे, बरेच करार तोंडी. गाळा मालकाचा, माल भाडेकरूचा. पंचनाम्याला आलेल्या माणसाने घरपट्टीच्या उताऱ्यावरचं नाव लिहिलं की भाडेकरू कागदावर राहतच नाही. मास्तरांना सांगितलं, पंचनामा होताना मालक आणि भाडेकरू दोघांनी हजर राहायचं. दुकानाचा परवाना, लाइट बिल, मालाची बिलं, जे हाती लागेल ते दाखवायचं. मालाची बिलं बुडाली असतील तर ठाणे-वाशीच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून दुसरी प्रत मागता येते. हे काम आपण इथून करू शकतो. वाशीच्या बाजारात जाणारे आमचे दोन सभासद यादी घेऊन उद्या फिरतील.

माझ्या मते सगळ्या कामात ठाण्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. फावडं तिथल्या माणसालाही मारता येतं. वाशीतल्या व्यापाऱ्याच्या वहीतलं पान त्याला तिथून मिळणार नाही.

८ ऑगस्ट, रविवार

व्यापाऱ्यांची बरीच बिलं मिळाली. एकाने फोनवर साफ नाही सांगितलं. आमचा माणूस समोर जाऊन उभा राहिल्यावर दिली.

गाड्यांबद्दल : पाण्यात गेलेली गाडी किंवा स्कूटर किल्ली फिरवून बघू नका. इंजिनात पाणी असताना चालू केली तर मोठं नुकसान होतं आणि विमा कंपनीला हरकत घ्यायला निमित्त मिळतं. बॅटरीची वायर सोडा, फोटो काढा, ओढून न्या. ही सूचना चिपळूणच्या ग्रुपवर तीन वेळा टाकली. तरी किल्ली फिरवणारे फिरवतातच.

एक बँक शाखा दुसरं पासबुक द्यायला पोलिसांचा दाखला मागतेय. बाजूच्याच दुसऱ्या बँकेत अर्जावर देतात. मास्तर त्या शाखेत जाऊन बसलेत. चाळीस वर्षं शाळेत घालवलेल्या माणसाला तिथला अर्धा स्टाफ सर म्हणतो. काम होईल.

१५ ऑगस्ट, रविवार

कोरोना लशीचे दोन डोस झालेल्यांना आजपासून लोकल. डोंबिवली, अंबरनाथची पोरं आता बस न बदलता येऊ शकतील. झेंडावंदनानंतर गोदामातला साठा मोजला. ब्लिचिंग उरलंय, गमबूट संपले.

कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं म्हणून पूर आला की भरतीने, यावर ग्रुपवर जोरदार वाद. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं पाणी वाशिष्ठीत येतं हे खरं. पुढचा वाद वेगळ्या ग्रुपवर करावा. हा ग्रुप सामानाचा आहे आणि काल एक मागणी त्या गदारोळात वर निघून गेली.

२१ ऑगस्ट, शनिवार

गणपती १० सप्टेंबरला. मुरादपूरकडच्या एका मूर्तिकाराचा कारखाना बुडाला होता. कच्च्या मूर्ती विरघळल्या, रंगवायला ठेवलेल्यांचे हात गेले. त्याला पैसे नकोत, शाडूची माती आणि रंग हवेत, आणि लगेच हवेत, कारण माती सुकायला ऊन मिळत नाही. पेणहून माती आणि काही कच्च्या मूर्ती जाताना टेम्पोत घ्यायच्या असं ठरलं. पैसे उधारीवर : गणपती झाल्यावर तो मंडळाला फेडणार. दान घ्यायला तो तयार नाही आणि आपण आग्रह करायचा नाही. खजिनदारांना हे खातं कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना. 'येणे' म्हणून लिहा म्हटलं.

मूर्ती भरायला पेंढा लागतो, तो घ्यायला विसरू नका. आणि टेम्पो कशेडी घाटात हळू.

५ सप्टेंबर, रविवार

चाकरमान्यांची गावाकडे जायची गडबड सुरू, आता माणसं मिळणार नाहीत. गोदाम आज रिकामं करून मालकाच्या ताब्यात दिलं. उरलेली ब्लिचिंग पावडर मास्तरांकडे, विहिरींसाठी लागेल. फवाऱ्याची मशीन आणि पंप चिपळुणातच ठेवले, परत आणून इथे कोण वापरणार? ते कोणाच्या ताब्यात आहेत त्याची सही घेतली आहे. फोन वापरून झाल्यावर परत घेतलेले नाहीत.

हिशेब खजिनदारांकडे, बिलं आणि चलनं तारखेप्रमाणे लावलेली. कोणालाही बघता येतील, कार्यालय शनिवारी संध्याकाळी उघडं असतं.

शिल्लक कामं, पुढे बघणाऱ्यासाठी : भाडेकरूंच्या ज्या पंचनाम्यांत नाव आलेलं नाही त्यांची यादी निळ्या फाइलीत आहे. तहसीलमध्ये अर्ज दिलेत, पोच जोडलेली आहे, गणपतीनंतर पाठपुरावा करायचा. पासबुकवाल्या शाखेतली तीन प्रकरणं अजून अडलेली आहेत, मास्तरांशी बोलून घ्या. मूर्तिकाराने मूर्ती सगळ्या विकल्या गेल्याचं कळवलंय. 'येणे' पितृपक्षानंतर येईल, त्याआधी त्याला फोन करायचा नाही.